घोडीपाशी शिकलेलं इंग्रजी

माझ्या इंग्रजीची कुणी तारीफ केली की मी मान खाली घालतो आणि मनातल्या मनात एका घोडीला सलाम करतो. लोकांना वाटतं, काय हा विनय! विनय कसला, ती कृतज्ञता आहे. मला इंग्रजी लिहायला मास्तरांनी शिकवलं हे खरं, पण बोलायला शिकवलं ते शहागंजच्या एका टांग्याच्या घोडीनं. रंगानं तांबूस, एका कानाचं टोक तुटलेलं, आणि शिकवण्याच्या बाबतीत मास्तरांपेक्षा पुष्कळ कडक.

ही गोष्ट लढाई सुरू व्हायच्या आधीची, निजामाच्या राज्यातली. त्या काळी आमच्या औरंगाबादेत शिकलेल्या माणसाजवळ तीन भाषा असत आणि तिघींच्या जागा ठरलेल्या होत्या. मराठी चुलीपाशी. उर्दू शाळेत, कचेरीत आणि रस्त्यावर. इंग्रजी म्हणजे दिवाणखान्यात टांगलेली काचेची हंडी. ती रोज पुसायची, आल्यागेल्याला दाखवायची; पण तिच्यात वात लावायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या शाळेत इंग्रजी शब्दांची किंमत त्यांच्या लांबीवर ठरे. ‘गो’, ‘कम’, ‘गेट’, ‘पुट’ ही सगळी प्यादी. ‘प्रोसीड’, ‘अराइव्ह’, ‘ऑब्टेन’ हे उंट-घोडे. आणि चार-पाच अवयवांचा एखादा शब्द निबंधात बसवला की मास्तर त्याच्याखाली लाल रेघ ओढून ‘शाबास’ लिहीत. मी अशा शब्दांची एक जाड वही केली होती. ‘गेट’ म्हणजे मिळवणे हे मला ठाऊक होतं, ‘अप’ म्हणजे वर हेही ठाऊक होतं. पण हे दोघं हातात हात घालून निघाले म्हणजे कुठं जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि विचारायची लाज वाटे. एवढेसे शब्द काय विचारायचे? पहिलीतलं पोरसुद्धा हसेल.

या वहीच्या भरवशावर मी सरकारी मेहमानखान्यात नोकरीचा अर्ज केला. वेरूळ, दौलताबाद, मकबरा बघायला गोरे पाहुणे येत; त्यांना हिंडवून आणायला इंग्रजी जाणणारा रहनुमा हवा होता. मेहमानखान्याचे मोहतमिम साहेब, म्हणजे तिथले सर्वेसर्वा, यांनी माझा अर्ज वाचला. पाऊण पानाचं एकच वाक्य होतं. ते वाचताना साहेबांना दोनदा श्वास घ्यावा लागला. “सुभानल्ला!” ते म्हणाले, आणि मला एक महिन्याच्या आजमाइशीवर ठेवून घेतलं. महिना नीट गेला तर नोकरी कायम.

आता या ‘कायम’ शब्दावर माझं काय टांगलेलं होतं ते सांगतो. गुलमंडीवर एक कापडाचं दुकान होतं. त्या दुकानदाराची मुलगी मी पाहून आलो होतो. मला ती पसंत होती. तिला मी पसंत होतो की नाही हे त्या काळी कुणी मुलीला विचारत नसे. पण पोह्यांची बशी माझ्या हातात देताना ती जरा हसली होती, आणि त्या हसण्यावर मी पंधरा दिवस जगलो होतो. तिचे वडील मात्र हसणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, “मुलगा चांगला आहे. कायम झाल्याचा हुकूम आणून दाखवा, मग तिथी काढू. महिन्याभरात नाही झालं, तर जालन्याचं एक स्थळ थांबलेलं आहे.” झालं! जालन्याचं ते स्थळ रोज रात्री माझ्या डोळ्यांपुढं फेटा बांधून उभं राहायचं.

पहिली फेरी मकबऱ्याची. तीन साहेब होते, तिघंही ताडासारखे उंच. मी शेजाऱ्याची शेरवानी घालून, छाती काढून पुढं. मिनाराच्या जिन्याला एक ठेंगणं दार होतं. आता हे साहेब उंच, दार ठेंगणं, तेव्हा त्यांना सावध करणं माझं काम. मी वळलो, एक हात उंचावला आणि सुरुवात केली, “जेंटलमेन, परमिट मी टु इन्व्हाइट युअर काइंड अटेन्शन टु द इन्सफिशियंट आल्टिट्यूड ऑफ—”

टण्ण!

वाक्याचं क्रियापद झालं होतं, कर्म यायचं होतं, तेवढ्यात साहेबांचं कपाळ आलं. मागच्या दोघांनी आपापली कपाळं धरली, ती मात्र हसू लपवायला.

खाली टांगा उभा होता. टांगेवाले चाचा साठीचे असतील. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेला लाल रुमाल, आणि अक्षरओळख म्हणाल तर अंगठ्यापुरती. साहेबाच्या कपाळावरचं टेंगूळ बघून ते टांग्यावरून खाली उतरले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “कम ऑन, साब. सिट डाउन. लाय बॅक. होल्ड ऑन.” चार वेळा दोन-दोन शब्द. आणि तो जखमी साहेब टांग्यात चढला, बसला, मागं रेलला, दांडी धरली! वाटेत चाचांनी “माइंड आउट!” म्हटलं की तिन्ही साहेब झाडाच्या फांदीखालून एकदम वाकायचे. मी पुढं चाचांच्या शेजारी, वही मांडीवर घेऊन बसलेला.

दुसऱ्या दिवशी मोहतमिम साहेबांनी बोलावलं. “मियाँ,” ते म्हणाले, “मेहमान की पेशानी हमारी पेशानी है. एक और फूटी, तो तुम अपने घर.” पेशानी म्हणजे कपाळ.

मी तडक शहागंजला गेलो. चाचांचा तबेला बाजाराच्या मागल्या बोळात होता. ते घोडीला खरारा करत होते.

“चाचा,” मी म्हणालो, “तुम्ही इंग्रजी कुठं शिकलात?”

“मैं?” चाचा हसले. “मैं कायकू सीखूंगा? ये सीखी सो है. मैं इसकू समजने के वास्ते सीखा.”

मग त्यांनी सांगितलं. ही घोडी छावणीतल्या एका गोऱ्या कप्तानाची. त्यानं तिला शिंगरू असल्यापासून आपल्या हातानं वाढवली होती. कप्तान विलायतेला गेला, घोडीचा हर्रास झाला, ती चाचांकडं आली. आणि आल्या दिवशी हलेना! चाचांनी उर्दूत सांगितलं, मराठीत सांगितलं, तेलंगीत सांगून पाहिलं. “चल मेरी रानी”पासून सुरुवात करून शेवटी शिव्यांवर आले, तीन दिवस टांगा शहागंजच्या नाक्यावर मकबऱ्यासारखा उभा. शेवटी छावणीत घोडे सांभाळणाऱ्या एका जुन्या मोतद्दाराला कुणीतरी घेऊन आलं. त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला, जिभेनं चकचक केलं आणि म्हणाला, “वॉक ऑन.” घोडी निघाली ती थेट गुलमंडीपर्यंत!

“मग म्या काय केलं,” चाचा माझ्यासाठी मराठीवर आले, “त्या मोतद्दाराकडनं सगळे बोल लिहून— म्हंजे पाठ करून घेतले. लिहायला येतंय कुनाला? आन् मंग कळलं, जे बोल घोडीला, तेच साबलोगांला. फरक काय नाय. दोघं बी छावनीतलेच.”

“मला शिकवा.”

चाचांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “शेरवानी काढा. उद्या फजरला या. आन् गूळ आना.”

असा माझा इंग्रजीचा खरा वर्ग सुरू झाला. वर्ग तबेल्यात, वेळ पहाटेची, फी गुळाचा खडा आणि ती फी सरळ शिक्षिकेच्या तोंडात.

चाचांचं शिकवणं सोपं होतं. “बाबूसाब, अंग्रेजी में दो चीज रहते. एक घोडा, एक लगाम. ‘गेट’ घोडा. ‘कम’ घोडा. ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’, सब घोडे. घोडा नुसता जोर लावतो, कुठं जायचं ते त्याला ठाव नसतंय. ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘ओव्हर’ ये लगामां. लगाम खेचली की घोडा वळला. तुम्ही काय करता? तुम्ही हत्ती आनता. आन् हत्तीला लगाम कोन घालतंय?”

साठ वर्षांच्या एका निरक्षर माणसानं सांगितलेलं हे व्याकरण मला पुढं कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी घरी जेवायला बसलो तेव्हा ते मला आईच्या तोंडून ऐकू आलं. आई म्हणाली, “जेवून घे रं.” मी विचारात, ताट तसंच. थोड्या वेळानं आवाज चढला, “जेवून टाक बाबा एकदाचं!” आणि शेवटी, “बसला व्हय तसाच? वडील आले की मंग सांगते!” मी चमकलो. ‘जेवून’ तेच. पण ‘घे’त माया होती आणि ‘टाक’त कंटाळा. आपणसुद्धा लगामच वापरतो की! फक्त इंग्रजांची लगाम दिशा सांगते, आपली मन सांगते. जन्मभर मी ही लगाम हातात धरून हिंडत होतो आणि मला वाटत होतं, माझ्याकडं फक्त हत्ती आहेत.

पण कळणं निराळं आणि घोडीनं ऐकणं निराळं. पहिल्या दिवशी मी तिच्यापुढं उभा राहिलो आणि जिभेची सवय जाईना म्हणून म्हणालो, “काइंडली प्रोसीड.” तिनं एक डोळा मिटला. मी म्हणालो, “प्लीज डू प्रोसीड.” तिनं मान लांब केली, माझ्या काखेतली वही ओढली आणि एम ते ओ या अक्षरांची पानं चावून चावून खाल्ली.

“बघा,” चाचा म्हणाले, “तिलाबी लांब बोल आवडतेत. पन खायला.”

हळूहळू जमलं. ‘वॉक ऑन’ म्हणजे चाल. ‘कम ओव्हर’ म्हणजे माझ्याकडं सरक. ‘गेट ओव्हर’ म्हणजे पलीकडं हो. ‘बॅक अप’ म्हणजे मागं. ‘पिक अप’ म्हणजे टाप उचल. ‘स्टेडी ऑन’ म्हणजे घाबरू नको, मी आहे. आवाज खालचा ठेवायचा. आधी जिभेनं चकचक, मग बोल, मग वाट बघायची. दुसऱ्यांदा सांगायचं नाही. आणि केलं की तळहात सपाट करून गूळ पुढं धरायचा आणि म्हणायचं, “गुड गर्ल.”

“गूळ इसरायचा नाय,” चाचा बजावत. “काम करून घेतलं आन् गोड नाय दिलं, तर दुसऱ्या टायमाला लाथ.”

पंधरा दिवस मी एवढंच बोललो. चकचक, बोल, वाट, गूळ. झोपेतसुद्धा चकचक करत होतो म्हणे. माझ्या शेरवानीच्या उजव्या खिशात कायम गुळाचे खडे असायचे आणि मुंग्या मला ओळखायला लागल्या होत्या.

महिना संपायला तीन दिवस उरले आणि शेवटची फेरी आली. दौलताबादचा किल्ला. एक निवृत्त झालेले गोरे साहेब आणि त्यांची मेमसाहेब. साहेब काठीसारखे सरळ, मिशा पांढऱ्या, तोंडातून शब्द निघेना. मेमसाहेब चांगल्या भारदस्त, हसऱ्या, आणि साहेबांच्या वाटणीचंही त्याच बोलत होत्या. चाचांचा टांगा, चाचांची घोडी, आणि किल्ल्यापाशी आमच्याबरोबर एक मशालजी.

ज्यांनी किल्ला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंदकावरचा पूल ओलांडला की वर जायला एकच वाट, ती डोंगराच्या पोटातून. तिला अंधारी म्हणतात. उंच-सखल पायऱ्या, मध्येच वळणं, डोक्यावर वटवाघळं. शत्रूला चकवायला केलेली ती वाट. पाहुणा आणि शत्रू यांतला फरक तिला अजून कुणी समजावलेला नाही.

बाहेर मी छान काम केलं. “लुक अप,” म्हटलं की दोघं वर बघत. “कम डाउन,” म्हटलं की खाली येत. मी मनात गुलमंडीच्या दुकानासमोर मांडवसुद्धा घातला. आम्ही अंधारीत शिरलो. पुढं मशालजी, मग मी, मागं मेमसाहेब, शेवटी साहेब. आणि मधल्या वळणावर वटवाघळांचा एक लोट अंगावरून गेला, मशालजी ओरडून खाली बसला आणि मशाल गेली पायऱ्यांवरून गडगडत, मशालजी तिच्यामागं. विझली.

असा काळोख की डोळे उघडे आहेत की मिटले, हे बोट लावून बघावं. मेमसाहेबांचं बोलणं एकदम बंद. ते बोलणं बंद झाल्यावरच मला खरी भीती वाटली. मागून साहेबांनी करड्या आवाजात काहीतरी फर्मावलं. मेमसाहेबांनी त्याला तितकंच करडं उत्तर दिलं आणि दोन्ही हातांनी भिंत धरली. त्या पुढं सरकेनात, मागं सरकेनात. श्वास मात्र घोडीसारखा, जलद, नाकातून.

घोडीसारखा! मी तोंड उघडलं. वहीतला एकही शब्द आला नाही. अंधारात लांब शब्द सुचत नाहीत, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो. जे आलं ते पंधरा दिवसांच्या पहाटेतून आलं. मी जिभेनं चकचक केलं. खालच्या आवाजात म्हणालो, “स्टेडी ऑन.” वाट पाहिली. श्वास जरा सावकाश झाला. “कम ओव्हर.” त्या माझ्या आवाजाकडं सरकल्या. “पिक अप.” पाय उचलल्याचा आवाज आला. पायरी! “वॉक ऑन.” चकचक. “वॉक ऑन.”

आणि त्या निघाल्या. मी उलटा, भिंत चाचपत, एकेक पायरी मागं चढत, त्या माझ्या आवाजामागं, साहेब त्यांच्यामागं. जिथं छत खाली येई तिथं “माइंड आउट” म्हणायचो, आणि ते दोन शब्द कपाळाच्या आधी पोचायचे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी वरून उजेडाची फट दिसली, ती रुंद झाली आणि आम्ही सगळे उन्हात आलो.

आता सवय ही काय चीज आहे बघा. काम झालं होतं. माझा हात आपोआप खिशात गेला. तळहात सपाट करून मी गुळाचा खडा मेमसाहेबांच्या तोंडापुढं धरला आणि म्हणालो, “गुड गर्ल.”

 मागून धडपडत आलेल्या मशालजीचा जबडा उघडा. साहेबांच्या मिशा ताठ. मी हात मागं घ्यावा म्हणतो तर हात लाकडाचा झालेला. डोळ्यांपुढं जालन्याचं स्थळ फेटा बांधून घोड्यावर चढलं.

मेमसाहेबांनी माझ्या तळहाताकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग दोन बोटांनी तो खडा उचलला, त्यावरची मुंगी फुंकरीनं उडवली आणि तोंडात टाकला. “थँक यू,” त्या म्हणाल्या, आणि खडा चघळत पुढच्या बुरुजाकडं निघाल्या.

आम्ही खाली टांग्यापाशी आलो. टांगा निघताना चाचांनी घोडीला चकचक केलं, “स्टेडी ऑन, वॉक ऑन,” म्हटलं, तेव्हा साहेबांनी घोडीकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग माझ्याकडं. आणि ते थरथरायला लागले. मला वाटलं, संताप. मेहमानखान्यात उतरल्यावर त्यांनी शेरे लिहायची वही मागवली, काहीतरी खरडलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोहतमिम साहेबांपुढं पेशी. एका बाजूला मशालजी, समोर ती वही.

“मियाँ,” साहेब म्हणाले, “हा मशालजी सांगतो, तुम्ही सरकारच्या मेहमान बेगमसाहेबांना घोडीसारखं हाकलंत. खरं?”

“हाकलं नाही हुजूर. चालवलं.”

“आणि गूळ?”

“दिला हुजूर.”

“या अल्ला!” साहेबांनी कपाळाला हात लावला. “आणि हे पाहा. वहीत काय लिहिलंय!”

मी वाचलं. “गॉट अस अप, गॉट अस थ्रू, गॉट अस आउट. वेल डन.” माझी छाती फुगली. साहेबांचा चेहरा मात्र काळवंडलेला.

“एवढंच?” ते म्हणाले. “एक ओळ? त्यातसुद्धा सगळे पाव-छटाकी शब्द! माणूस खूश असता तर त्यानं निदान अर्धं पान लिहिलं नसतं का? माझ्या वालिदसाहेबांनी एकदा आंब्यांच्या टोपलीबद्दल चार पानी शुक्रिया लिहिला होता. हा साहेब तुमच्यावर इतका नाराज आहे की त्याला पूर्ण शब्दसुद्धा लिहावेसे वाटले नाहीत.”

आता यात साहेबांची चूक नव्हती. आमच्या सगळ्या राज्यात तोच रिवाज होता. प्रेम लांब लिहायचं आणि राग आखूड. कुणाला बडतर्फ करायचं तरच हुकूम एका ओळीचा निघे.

“हुजूर,” मी म्हणालो, “इंग्रजांचं उलटं असतं. त्यांचे आखूड शब्दच खरे असतात. त्यांनी लिहिलंय, यानं आम्हाला वर नेलं, आरपार काढलं, सुखरूप बाहेर आणलं.”

“हे तुम्ही सांगता. मी कसं मानू? तुमच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याइतकं इंग्रजी मला कुठं येतं?” हे बोलून गेल्यावर साहेबांनी घाईघाईनं दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

आणि मला सुचलं. “हुजूर, परीक्षा घेणारी बाहेर उभी आहे.”

मेहमानखान्याच्या आवारात चाचांचा टांगा होता. घोडी सोडवली. साहेब पायऱ्या उतरून खाली आले, जरीची शेरवानी, रुमी टोपी, हातात छडी. चाचांनी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. घोडीनं माझं ऐकलं तर माझं इंग्रजी खरं आणि वहीतली ओळही खरी. नाही ऐकलं तर मी घरी. माझी नोकरी, माझं लग्न आणि गुलमंडीचं ते हसू, सगळं त्या तुटक्या कानाच्या हाती. मी घाबरून इतका कोरडा झालो होतो की जिभेतून चकचक निघेना.

“बॅक अप,” मी म्हणालो. घोडी दोन पावलं मागं. “पिक अप.” टाप वर. साहेब कौतुकानं पुढं सरकले, अगदी भिंत आणि घोडी यांच्यामध्ये, टाप जवळून बघायला. मी मात्र रंगात आलेला. “गेट ओव्हर!” म्हणालो, आणि घोडी आज्ञेप्रमाणं पलीकडं सरकली. पलीकडं साहेब होते.

घोडीच्या पुठ्ठ्यानं मोहतमिम साहेबांना अलगद भिंतीला लावलं आणि ती तिथंच उभी राहिली.

“हटो!” साहेब ओरडले. घोडी स्तब्ध. “आगे बढ़ो! अरे, कोई है?” टोपी तिरकी झाली. मग साहेबांनी आपल्याजवळचं सगळं इंग्रजी बाहेर काढलं. “अॅडव्हान्स! प्रोसीड! इमिजिएटली!” घोडीनं एक डोळा मिटला. ‘प्रोसीड’ ऐकून तिची मान लांब झाली आणि ती साहेबांच्या छातीवरचा जरीचा कशिदा हुंगू लागली. मला ती मान ओळखीची होती.

मी तिच्या मानेवर हात ठेवला. जिभेत पाणी आलं. चकचक. “वॉक ऑन.”

घोडी शांतपणे चालू लागली. साहेब भिंतीवरून सुटे झाले. त्यांनी टोपी सरळ केली, शेरवानी झटकली, घोडीकडं खूप वेळ पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

“मियाँ,” साहेबांचा आवाज आला. “तो गूळ आहे का जवळ?”

मी खडा दिला. साहेबांनी स्वतःच्या हातानं, तळहात सपाट करून, तो घोडीला भरवला. मग हळूच, मशालजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाले, “गुड गर्ल. बरोबर?” मी म्हणालो, “अगदी बरोबर, हुजूर.”

कायम झाल्याचा हुकूम त्याच दुपारी निघाला. एका ओळीचा! आधी मला ती बडतर्फीच वाटली, मग लक्षात आलं, साहेबांनी इंग्रजांचा रिवाज उचलला होता. पुढच्या जुम्मेरातीला पहाटे मी तबेल्यात गेलो तर तिथं चाचांच्या खाटेवर जरीची शेरवानी घडी करून ठेवलेली, आणि बाह्या सरसावून साहेब घोडीपुढं उभे. महिनाभरानं हैदराबादेहून एक बडे गोरे अंमलदार येणार होते आणि साहेबांना हत्ती नको होते, घोडे हवे होते.

गुलमंडीच्या दुकानदारांनी हुकूम वाचला, उलटून मागं पाहिला, आणि म्हणाले, “एवढाच?” पण तिथी काढली.

वरातीला टांगा चाचांचा. घोडीच्या गळ्यात झेंडूच्या माळा, त्यांतल्या अर्ध्या तिनं वाटेत खाल्ल्या. मांडवाच्या दारात उतरलो. समोर सनई, बायकामाणसं, ओवाळायचं ताट, आणि आत कुठंतरी ती. आणि इतकी वर्षं गावभर गप्पा मारत हिंडणारा मी, माझा पायच उचलेना. पुढंही होईना, मागंही होईना. सासरे खुणा करतायत, वडील कोपरानं ढोसतायत, मी आपला अंधारीतल्या मेमसाहेबांसारखा खांब धरून उभा.

तेवढ्यात मागून, टांग्यावरून, अगदी खालच्या आवाजात चकचक ऐकू आलं.

“वॉक ऑन, बाबूसाब.”

आणि मी चालू लागलो.